बालरुग्णांचा पाठपुरावा, दूरवैद्यक सेवा आणि शासकीय आरोग्य विमा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी प्रशासनाच्या वतीने जमा-खर्चाचे निवेदन करण्याचा प्रघात आहे. यंदाचा लेखापरीक्षित ताळेबंद या अहवालाच्या शेवटी छापलेला आहे आणि तो आपण सवडीने पाहालच. त्यातील आकडे येथे पुन्हा वाचून आपला वेळ घेण्याऐवजी त्याच ताळेबंदातील एका छोट्याशा शीर्षाविषयी आज बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. खर्चाच्या बाजूस ‘दूरवैद्यक सेवा – बालरुग्ण विभाग’ असे एक शीर्ष आपणांस दिसेल. जमेच्या बाजूस त्याच्यासमोर काहीही नाही. रक्कम मोठी नाही, परंतु ही जमेची बाजू कोरी का, याचे उत्तर आपल्या राज्यातील आरोग्य विम्याच्या रचनेत दडलेले आहे आणि ते देणगीदारांना व पालकांना ठाऊक असावे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

प्रथम शासकीय योजनेविषयी कृतज्ञतेने बोलणे आमचे कर्तव्य आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपला नाशिक जिल्हा त्या आठांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती उर्वरित महाराष्ट्रात आली, तेव्हा आपल्याकडेही तिचा लाभ मिळू लागला. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडून राबविण्यात आली आणि जुलै २०२४ पासून पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांची अट मागे पडून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी तिची कवाडे उघडली. कुटुंबामागे दीड लाखाचे वार्षिक संरक्षण पाच लाखांवर गेले. हृदयाला जन्मतःच छिद्र असलेल्या बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकणारे पालक आम्ही पाहिलेले आहेत. आज तसे कुटुंब आरोग्यमित्राच्या टेबलापाशी शिधापत्रिका घेऊन उभे राहते आणि पूर्वमंजुरीची वाट पाहते. हा फरक लहान नाही. पुढे जे बोलणार आहोत ते या पार्श्वभूमीवर ऐकावे, अशी विनंती आहे.

ही योजना पैसे कशाचे देते, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. तिचे एकक ‘पॅकेज’ हे आहे. रुग्ण दाखल झाला, पूर्वमंजुरी मिळाली, शस्त्रक्रिया किंवा उपचार झाला, रुग्ण घरी गेला, कागदपत्रे चढविली, दावा मंजूर झाला आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर आली, असा तिचा क्रम आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस पॅकेजमध्ये धरलेले आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी मात्र तिच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. हिशेबाच्या दृष्टीने ही रचना सुटसुटीत आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने तिचे मोल जाणतो. ज्याला आरंभ आणि शेवट आहे त्याचाच दर ठरविता येतो व त्याचेच लेखापरीक्षण करता येते.

परंतु लहान मुलांचे बरेच आजार पॅकेजच्या आकाराचे नसतात. फेफरे, पहिल्या प्रकारचा मधुमेह, थॅलेसेमिया, मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक विकार, मेंदूचा पक्षाघात, जन्मजात बहिरेपणावर कॉक्लिअर इम्प्लांट बसविल्यानंतरचे वाचा-प्रशिक्षण, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची वर्षे, यांपैकी एकाचाही शेवट पंधराव्या दिवशी होत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हांस समजावून सांगितली, ती आम्ही येथे जशीच्या तशी मांडतो. प्रौढ रुग्णाचे औषध एकदा बसले की बहुधा तसेच चालू राहते. मुलांचे औषध वजनावर ठरते आणि मूल तर वाढत असते. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी लिहून दिलेली फेफऱ्याच्या औषधाची मात्रा, औषध एकही दिवस न चुकविता, केवळ मूल वाढल्यामुळे अपुरी पडू शकते. आईवडिलांनी काहीही हयगय केलेली नसते, तरी एके रात्री झटका येतो. म्हणून मुलांच्या बाबतीत पाठपुरावा हा उपचारानंतर करावयाचा उपचार नसून तोच उपचार होय.

आता हा पाठपुरावा कोण करू शकते ते पाहा. आपल्या रुग्णालयात येणारी मुले पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतील पाड्यांवरून येतात. पाड्यावरून गावापर्यंत पायी, तेथून जीपने तालुक्याला, मग एस.टी.ने नाशिकला, असा तो प्रवास. मुलाबरोबर आई येते, आईबरोबर अंगावरचे धाकटे येते आणि शहराची माहिती असलेला एखादा पुरुष सोबत लागतोच. दोन माणसांची मजुरी बुडते आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्र आमच्या व्हरांड्यात काढावी लागते. तपासणी होते दहा मिनिटांची. पावसाळा सरला की याच तालुक्यांतील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. तेव्हा तर घराचा पत्ताच बदललेला असतो. तपासणी विनामूल्य ठेवली तरी ती त्यांना परवडत नाही, हे आम्हांस बाह्यरुग्ण विभागातील गैरहजेरीच्या नोंदवहीवरून उमगत गेले.

या अडचणीतून आपल्याकडे व्हिडिओवरील तपासणी सुरू झाली. आठवड्यातून दोन दुपारी बालरोगतज्ज्ञ आणि एक परिचारिका ठरलेल्या मुलांच्या पालकांना दूरध्वनी करतात. एक उदाहरण सांगतो. सुरगाणा तालुक्यातील सात वर्षांच्या एका मुलाला नेफ्रोटिक विकार आहे. या विकारात लघवीतून प्रथिने वाहून जातात, अंगाला सूज येते, स्टिरॉइडने ती उतरते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुखणे पुन्हा उलटते. उलटण्याची चाहूल सूज येण्याआधी लागते, ती लघवीच्या पट्टीवर. पिवळी पट्टी हिरवी होऊ लागते. सलग तीन दिवस सकाळी पट्टीने तीन अधिक चिन्हांइतका रंग दाखविला, की औषध वाढविण्याची वेळ आली असे समजतात. या मुलाच्या आईला वाचता येते बेताचेच. तिने शाळेच्या जुन्या वहीत रोजची तारीख आणि समोर अधिक चिन्हे, एवढीच नोंद ठेवली होती. पहिल्या खेपेस तिने पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर रंग काही केल्या खरा दिसेना. मग डॉक्टरांनी पट्टी बाटलीवरील रंगांच्या चौकटींशेजारी धरून ‘कोणत्या चौकटीशी जुळते?’ असे तिलाच विचारले आणि वही दाखवायला सांगितली. त्या वहीवरून औषधाची मात्रा त्याच दिवशी बदलता आली. मूल दाखल करावे लागले नाही.

त्या दूरध्वनीचे देयक कोणाच्या नावे टाकावयाचे, हा प्रश्न मग आमच्या टेबलावर आला. तेच मूल सुजून, पोटात पाणी होऊन, जंतुसंसर्गासह दाखल झाले असते, तर योजनेच्या पॅकेजखाली दावा करता आला असता. ते दाखल झाले नाही, म्हणून कोणताही दावा उद्भवला नाही. टळलेल्या खर्चाचे व्हाउचर निघत नाही. आमच्या शास्त्रातील ही जुनी उणीव आहे, आणि विम्यात ती जशी बोचते तशी अन्यत्र क्वचितच.

येथे काही जाणकार म्हणतील, की दूरवैद्यकाला तर आता मान्यता आहे. ती आहेच. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने टेलिमेडिसिन सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नोंदणीकृत डॉक्टरने दूरवरून सल्ला देणे व औषध लिहून देणे यांना स्पष्ट चौकट मिळाली. त्यापाठोपाठ जून २०२० मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने विमा कंपन्यांना सांगितले, की पॉलिसीच्या अटींनुसार जेथे डॉक्टरांचा सल्ला धरलेला असेल, तेथे टेलिमेडिसिनचा सल्लाही धरावा. या वाक्यातील अट ध्यानात घ्यावी. ज्या योजनेत प्रत्यक्ष भेटीतील बाह्यरुग्ण सल्लाच धरलेला नाही, तेथे दूरचा सल्ला आपोआप धरला जाणार नाही. मान्यता मिळाली, मोबदला मिळाला नाही, अशी एकंदर स्थिती आहे.

शासनाची स्वतःची ई-संजीवनी सेवाही आहे. २०१९ साली डॉक्टर ते डॉक्टर या स्वरूपात आणि एप्रिल २०२० पासून थेट रुग्णांसाठी ती उपलब्ध झाली. ती विनामूल्य आहे, उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत तिचा वापर होतो आणि आम्हीही आमच्या पालकांना ताप-खोकल्यासारख्या तक्रारींसाठी तीच सुचवितो. पण ती सेवा आहे, विमा नव्हे. ज्या डॉक्टरांनी मुलाचे हृदय उघडून पाहिले, ज्यांच्याजवळ त्याच्या तीन वर्षांच्या नोंदी आहेत, त्यांच्याशीच त्या मुलाची गाठ पडावी, अशी तिची रचना नाही आणि ती असावी अशी अपेक्षा करणेही योग्य ठरणार नाही.

मुलांच्या बाबतीत मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक विशेष अट आहे, ती पालकांनी लक्षपूर्वक ऐकावी. रुग्ण अज्ञान असेल तर दूरवरचा सल्ला त्याच्यासोबत प्रौढ व्यक्ती असतानाच देता येतो आणि त्या प्रौढ व्यक्तीची ओळख डॉक्टरांनी पटवून घ्यावी लागते. अट अगदी रास्त आहे. व्यवहारात मात्र तिची गंमत अशी, की मोबाइल असतो वडिलांच्या खिशात निफाडच्या बागेत, आणि मूल असते आजीजवळ पाड्यावर. आजी प्रौढ आहे, तिची ओळखही पटते, पण तिच्या हाती फोन नाही. कित्येकदा टेकडीवर चढल्याखेरीज आवाज पोहोचत नाही, चित्र तर दूरच. अशा वेळी गावातील आशाताईंची आम्हांस फार मदत होते. त्या मुलाला आणि आजीला घेऊन जेथे जाळे मिळते तेथे येतात, जवळच्या अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून घेतात आणि डॉक्टरांचे बोलणे कोकणा बोलीत आजीला समजावून सांगतात. आरोग्य सेवकाच्या मध्यस्थीने घेतलेला सल्ला मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे. आशाताईंच्या त्या तासाभराच्या वेळेसाठी मात्र कोठेही तरतूद नाही.

मुलांच्या तपासणीचा पाया आपल्या राज्यात चांगला घातला गेला आहे, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघर येथूनच झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील दिरंगाई शोधण्यासाठी फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. आमच्याकडील कितीतरी मुले या पथकांनीच हेरून पाठविलेली असतात. शोधणे एका कार्यक्रमाकडे, शस्त्रक्रिया दुसऱ्या योजनेकडे, आणि नंतरची दहा-बारा वर्षे पालकांच्या नशिबाकडे, अशी सध्याची वाटणी आहे.

यावर उपाय अवघड आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्या राज्याच्या योजनेत शस्त्रक्रिया व उपचारांच्या यादीबरोबरच काही निवडक प्रक्रियांसाठी पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस समाविष्ट करण्यात आली होती. म्हणजे पाठपुराव्याचे पैसे द्यावेत हे तत्त्व योजनेला नवखे नाही. तेच तत्त्व बालवयातील दीर्घ आजारांना लावावे, वर्षभराचा एक ठोक दर ठरवावा आणि त्यात प्रत्यक्ष भेटी किती व दूरवरच्या किती, हे डॉक्टरांवर सोपवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. प्रत्येक दूरध्वनीमागे दर ठेवू नये. तसे केल्यास दूरध्वनींची संख्या वाढेल आणि मुलांची प्रकृती तेथेच राहील. इतकी वर्षे देयके तपासल्यावर मनुष्यस्वभावाविषयी आमचे हे मत झाले आहे. वयाचा विचार करणे योजनेला अशक्य आहे असेही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत स्थान मिळाले. वयाच्या दुसऱ्या टोकासाठीही असा विचार व्हावा.

परदेशात हा विचार झालेला आहे. अमेरिकेतील मेडिकेड ही अल्प उत्पन्न कुटुंबांसाठीची सार्वजनिक विमा योजना एकवीस वर्षांखालील मुलांच्या तपासणी व उपचारांची विशेष जबाबदारी १९६७ सालच्या कायद्यापासून मानते, आणि व्हिडिओद्वारे दिलेल्या सल्ल्याचे पैसे तेथील सर्व राज्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात देतात. तेथील अडचणी वेगळ्या आणि तेथील पैसाही वेगळा. त्यांची नक्कल करावी असे आम्ही सुचवीत नाही.

याविषयी दोन शंका विश्वस्त मंडळात उपस्थित झाल्या होत्या आणि दोन्ही योग्य होत्या. पहिली, खोट्या दूरध्वनींची. दाखल रुग्णाचे छायाचित्र असते, शस्त्रक्रियेची टिपणे असतात, दूरध्वनीचा पुरावा काय? आम्ही प्रत्येक तपासणीची वेळ, सोबतच्या प्रौढ व्यक्तीचे नाव व नाते, त्या दिवशीचे वजन आणि बदललेली मात्रा यांची नोंद ठेवतो. वजन हा उत्तम साक्षीदार आहे. मूल पुढील खेपेस प्रत्यक्ष आले की ते ताडून पाहता येते. दुसरी शंका वैद्यकीय होती आणि आमच्या मते अधिक गंभीर. फोनवरून छाती ऐकता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. म्हणून पहिली तपासणी आपल्याकडे प्रत्यक्षच होते. तान्ह्या बाळांची दूरवरून तपासणी आम्ही करीत नाही. धाप लागणे, मूल गुंगीत असणे, न थांबणारा झटका, लघवी बंद होणे यांपैकी काहीही दिसले, तर डॉक्टर बोलणे तेथेच थांबवून मुलाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेण्यास सांगतात व १०८ ची रुग्णवाहिका बोलावण्यास लावतात. दूरवैद्यकाने सर्व प्रश्न सुटतील, असा जो उत्साह अधूनमधून सभा-संमेलनांत ऐकू येतो, त्यात आम्ही सामील नाही.

आता निधीविषयी. धर्मादाय रुग्णालय या नात्याने आपण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतो व दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो. दूरवैद्यकाचा खर्च याच निधीतून का करू नये, असे एका सभासदांनी विचारले होते. निधी वापरावयाचा तर रुग्णाच्या नावे देयक निघाले पाहिजे, आणि जी सेवा आपण देयकाविना देतो तिचे देयक केवळ निधीसाठी काढणे कितपत उचित, याविषयी योग्य तो सल्ला मिळेपर्यंत आम्ही त्या निधीस हात लावलेला नाही. तोवर हा भार सर्वसाधारण देणग्यांवर आहे.

देणगीदारांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. यंत्र दिले की त्यावर नाव कोरता येते, खोली बांधली की संगमरवरी पाटी लावता येते. आमच्या इमारतीतील प्रत्येक पाटीविषयी आम्हांस आदर आहे, कारण त्या खोल्या रिकाम्या नाहीत. दूरध्वनीवर पाटी लावता येत नाही. या सेवेचा खर्च म्हणजे डॉक्टरांचा वेळ, एका परिचारिकेचे अर्धे वेतन, लघवीच्या पट्ट्या, आणि ज्यांच्याकडे वजनकाटा नाही अशा पाड्यांसाठी काटे. यासाठी स्वतंत्र कायम निधी उभारून त्याच्या व्याजावर ही सेवा चालवावी, असा प्रस्ताव आज विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. मुद्दल अबाधित राहील आणि दरवर्षीच्या अहवालात किती मुलांचा पाठपुरावा झाला व किती मुले सुटली, या दोन्हींची नोंद छापली जाईल. सुटलेल्यांची नोंद विशेषत्वाने.

उपस्थित पालकांना विनंती, की सभेनंतर नोंदणी कक्षात दोन दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावेत, एक स्वतःचा आणि एक गावात राहणाऱ्या कोणा जाणत्या व्यक्तीचा. बागेच्या कामासाठी गाव सोडताना आमच्या परिचारिका भगिनींना तसे कळवावे. डॉक्टरांच्या दूरध्वनीच्या आदल्या दिवशी मुलाचे वजन करून ठेवावे, औषधांची पाकिटे फेकू नयेत व जवळ ठेवावीत. पट्ट्यांच्या बाटल्या आज बालरुग्ण विभागात मिळतील, त्या न विसरता घेऊन जाव्यात.